देवाला आधीच ठाऊक होतं, मग पेत्राचा दोष काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बायबल अभ्यासाच्या बैठकीत तुमच्या मित्राने विचारलं: शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला, स्पष्ट सांगितलं की कोंबडा दोनदा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. येशूचा शब्द खोटा ठरणं शक्यच नव्हतं. मग पेत्राला दुसरं काही करता आलं असतं का? नसेल, तर त्याला दोष कशाचा? आणि आपलंही सगळं देवाला आधीच ठाऊक असेल तर प्रार्थना कशासाठी करायची? तुम्ही "देव फक्त जाणतो, करायला लावत नाही" असं उत्तर दिलंत, पण त्याचं समाधान झालं नाही.

तुमचं उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे, आणि मित्राला ते खटकलं यात नवल नाही. त्याच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला ज्ञानाचा: अचूक पूर्वज्ञान आणि खरं स्वातंत्र्य एकत्र राहू शकतं का? दुसरा योजनेचा: देवाने ते घडवायचं ठरवलंच होतं का? तिसरा जबाबदारीचा: वेगळं वागणं शक्य नसेल तर माणूस दोषी ठरतो का? एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की चर्चा गोल गोल फिरत राहते. "तो फक्त जाणतो" हे पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाला ते हातही लावत नाही.

आधी मित्राचा युक्तिवाद त्याच्या पूर्ण ताकदीने मांडू या. शिकवताना मी तो नेहमी सुटा करून लिहायला लावतो, कारण कमकुवत रूपाला दिलेलं उत्तर ताकदवान रूपापुढे टिकत नाही. एक: काल देवाला ठाऊक होतं की पेत्र उद्या नाकारेल. दोन: देवाचं ज्ञान चुकू शकत नाही, म्हणजे देवाला ठाऊक असेल तर तसं घडणारच. तीन: जे होऊन गेलं ते आता कुणालाही बदलता येत नाही, म्हणून देवाला काल ते ठाऊक असणंही आता बदलता येत नाही. चार: न बदलता येणाऱ्या गोष्टीतून जे अटळपणे निघतं तेही बदलता येत नाही. पाच: म्हणून पेत्राचं नाकारणं बदलता येण्यासारखं नव्हतं. सहा: जे बदलता येत नाही ते स्वतंत्र कृत्य नव्हे.

बहुतेक लोक दुसऱ्या पायरीशी अडतात आणि तिथलं उत्तर सोपं आहे. "देवाला ठाऊक असेल तर पेत्र नाकारेल" हा संबंध अटळ आहे. त्यावरून "पेत्राचं नाकारणं अटळ आहे" असं निघत नाही. थॉमस ॲक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने तेराव्या शतकात यासाठी बसलेल्या माणसाचं उदाहरण घेतलं. कुणी बसलेला दिसत असेल, तर तो बसलेला असणारच, पण म्हणून त्याला उठताच येत नव्हतं असं होत नाही. अटळपणा "जर-तर"च्या जोडणीत असतो. तो उचलून "तर"च्या पुढच्या कृत्यावर ठेवला की गल्लत होते. संत ऑगस्टिनने हेच आठवणीच्या बाजूने समजावलं होतं: तुमची आठवण जशी भूतकाळाला घडायला भाग पाडत नाही, तसं देवाचं पूर्वज्ञान भविष्याला भाग पाडत नाही.

तुमचं उत्तर इथवरच पोचतं. खरी मेख तिसऱ्या पायरीत आहे, ती म्हणजे भूतकाळाचा पक्केपणा. जोर लावणारं कुणी नसलं तरी काल होऊन गेलेली गोष्ट आज माझ्या हातात नसते. देवाचं जाणणं "काल" झालेलं असेल, तर तेही माझ्या हाताबाहेर गेलं. नेल्सन पाइक या तत्त्वज्ञांनी १९६५ साली हा युक्तिवाद याच टोकदार रूपात मांडला आणि तेव्हापासून धर्मतत्त्वज्ञानात त्यावर सतत लिहिलं जात आहे. "देव जबरदस्ती करत नाही" हे वाक्य या पायरीला लागूच पडत नाही, कारण जबरदस्तीचा आरोप इथे कुणी केलेलाच नाही.

ख्रिस्ती परंपरेत यातून निघायच्या वाटा मोजक्या आहेत आणि प्रत्येकीची किंमत मोजावी लागते. कुठली निवडायची हे तुम्ही स्वातंत्र्य कशाला म्हणता आणि कुठल्या मंडळीच्या शिकवणुकीत वाढलात यावर बरंच अवलंबून आहे. महाराष्ट्रात हे विशेष जाणवतं. वसईचा कॅथलिक ट्रेंट परिषदेच्या (कॅथलिक चर्चच्या सोळाव्या शतकातल्या धर्मसभेच्या) वारशात वाढतो, आणि त्या परिषदेने १५४७ साली ठामपणे म्हटलं होतं की आदामाच्या पतनानंतरही माणसाची स्वतंत्र इच्छा नष्ट झालेली नाही. दुसरीकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालं तेव्हा त्यात अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेच्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यामुळे एकाच बाकावर देवाच्या योजनेवर भर देणाऱ्या कॅल्व्हिनचा आणि माणसाच्या स्वतंत्र प्रतिसादावर भर देणाऱ्या मेथडिस्ट वेस्लीचा वारसा शेजारी शेजारी बसलेला असतो, आणि बैठकीत दोघं "देवाची इच्छा" हे शब्द वापरतात तेव्हा दोघांच्या मनात वेगळी गोष्ट असते.

पहिली वाट बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाची. सुमारे ५२४ साली थिओडोरिक राजाच्या कैदेत, मृत्युदंडाची वाट पाहत त्याने लिहिलं की देव काळाच्या आत बसून पुढे पाहत नाही. अनंत जीवन एकाच वेळी, संपूर्णपणे धारण करणं म्हणजे त्याचं सनातनत्व. त्याला काल, आज, उद्या सारखेच समोर आहेत. म्हणून "काल देवाला ठाऊक होतं" ही पहिली पायरीच नीट मांडलेली नाही. बोएथियस म्हणतो, तुम्ही एकाच वेळी उगवता सूर्य आणि चालणारा माणूस पाहता. दोन्ही तुम्हाला सारखेच दिसतात, पण एक निसर्गनियमाने होतं आणि दुसरं इच्छेने. पाहण्याने त्यांच्यातला फरक पुसला जात नाही. पुढे ॲक्वायनसने आणि त्याच्या बऱ्याच नंतर वेस्लीनेही याच वाटेने उत्तर दिलं.

या वाटेची अडचण तुमच्या मित्राने नकळत अचूक पकडली आहे. देवाचं ज्ञान काळाबाहेरचं मानलं तरी येशूचं वाक्य काळाबाहेर नव्हतं. ते यरुशलेमेत, ठरावीक रात्री, मानवी तोंडातून निघालं आणि अकरा जणांच्या कानांवर पडलं. पेत्र प्रमुख याजकाच्या वाड्यात शिरला तेव्हा ते वाक्य पक्का भूतकाळ झालं होतं. म्हणजे काळाबाहेरच्या ज्ञानाने निम्मा प्रश्न सुटतो, पण भाकीत उच्चारलं गेलं की तो पुन्हा उभा राहतो. पूर्वज्ञानाची चर्चा नेहमी एखाद्या भाकितावर घासून पाहावी, ती याचसाठी.

दुसरी वाट विल्यम ऑफ ऑकम या इंग्रज तत्त्वज्ञाची, चौदाव्या शतकातली. त्याचं म्हणणं, भूतकाळाबद्दलची सगळी वाक्यं सारखी भूतकाळाची नसतात. आपल्याकडचं उदाहरण घ्या: "शिवाजी महाराजांचा जन्म राज्याभिषेकाच्या ४४ वर्षं आधी, १६३० साली झाला." व्याकरणाने हे वाक्य १६३० बद्दल आहे. पण त्यातला "राज्याभिषेकाच्या ४४ वर्षं आधी" हा भाग १६७४ साली रायगडावर जे झालं त्यावर टेकून खरा ठरतो. १६७३ साली जन्म बदलता येत नव्हता, पण राज्याभिषेक पुढे ढकलता आला असता, आणि तसं झालं असतं तर हे वाक्य कधीच खरं नसतं. ऑकम म्हणतो, "पेत्र नाकारेल हे देवाला काल ठाऊक होतं" हेही असंच पुढच्या घटनेवर टेकलेलं वाक्य आहे. पेत्राने नाकारलं नसतं तर देवाला मुळातच वेगळं ठाऊक असतं. आल्विन प्लँटिंगा या अमेरिकी तत्त्वज्ञांनी १९८६ साली हीच वाट नव्याने बांधली.

इथे लोक एक चूक हमखास करतात. त्यांना वाटतं, म्हणजे पेत्र देवाचं मत बदलू शकत होता, किंवा देवाला खोटं पाडू शकत होता. दोन्ही नाही. पेत्राकडे देवाचं ज्ञान चुकीचं ठरवण्याची ताकद नव्हती. त्याच्याकडे असं काहीतरी करण्याची ताकद होती की जे त्याने केलं असतं तर देवाचं ज्ञान पहिल्यापासून वेगळं असतं. ही वाक्यरचना जड वाटते, पण ती सैल केली की उत्तर कोसळतं. हिची किंमत अशी की देवाचं जाणणं हे जन्मतारखेला मागाहून लावलेल्या वर्णनासारखं नुसतं वर्णन आहे, की काल खरोखर असलेली गोष्ट आहे, यावर एकमत होत नाही.

तिसरी वाट लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाची (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ), १५८८ साली लिस्बनला छापलेल्या ग्रंथातली. त्याच्या मते देवाच्या ज्ञानात तर्काच्या क्रमाने (काळाच्या नव्हे) तीन थर आहेत: काय काय शक्य आहे हे ज्ञान, प्रत्यक्षात काय घडेल हे ज्ञान, आणि या दोहोंच्या मध्ये, अमुक परिस्थितीत अमुक माणूस स्वतंत्रपणे काय करेल हे ज्ञान. या मधल्या ज्ञानाच्या आधारे देव जग घडवतो, म्हणून त्याची योजनाही पुरी होते आणि माणसाची निवडही शाबूत राहते.

यासाठी नेहमी दाखवला जाणारा उतारा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात आहे आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. दावीद कईला नगरात आहे. शौल चाल करून येणार अशी खबर त्याला लागते. तो अब्याथार याजकाला एफोद (देवाचा कौल घेताना वापरायचं याजकाचं वस्त्र) आणायला सांगतो आणि परमेश्वराला दोन गोष्टी विचारतो: शौल खाली येईल का? आणि कईलाचे लोक मला त्याच्या हाती देतील का? दोन्हींचं उत्तर "होय" असं मिळतं. मग दावीद आपली सुमारे ६०० माणसं घेऊन निघून जातो, शौलाला ते कळतं आणि तो चाल रद्द करतो. म्हणजे "होय" म्हणून सांगितलेल्या दोन्ही गोष्टी घडल्याच नाहीत, तरी देवाचं उत्तर खोटं नव्हतं. ते "तू इथे राहिलास तर" या अटीवरचं उत्तर होतं. मत्तयाच्या ११ व्या अध्यायातही येशू म्हणतो की खोराजिन आणि बेथसैदा इथे झालेली सामर्थ्याची कृत्यं सोर आणि सीदोनात झाली असती तर त्यांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता.

कईलाचा उतारा मोलिनाचं मत सिद्ध करतो असं मात्र म्हणू नका. गावकऱ्यांचा त्या क्षणीचा कल देवाला दिसत होता, एवढं मानूनही तो उतारा समजतो. शिवाय जो प्रसंग आलाच नाही त्यात माणूस स्वतंत्रपणे काय करेल हे खरं कशामुळे ठरतं, हा आक्षेप मोलिनाच्या मानेवर कायम आहे. जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन धर्मसंघांत यावर इतकं पेटलं की प्रकरण रोमपर्यंत गेलं. १६०७ साली पाचवे पॉल या पोपनी निवाडा न देता दोन्ही बाजूंना आपापलं मत शिकवू दिलं आणि एकमेकांना पाखंडी म्हणण्यास मनाई केली. तो निवाडा आजवर आलेला नाही. "चर्चचं अधिकृत उत्तर काय" असं कॅथलिक मित्राने विचारलं तर प्रामाणिक उत्तर हेच: दोन कडा पक्क्या आहेत, देव सर्व जाणतो आणि माणूस स्वतंत्र आहे, पण मधली यंत्रणा मोकळी ठेवली आहे.

चौथी वाट, जी १९९४ नंतर अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल वर्तुळात गाजली, म्हणते की स्वतंत्र कृत्यांचं भविष्य अजून ठरलेलंच नाही, म्हणून देवाला ते शक्यतांच्या रूपात ठाऊक असतं. ती उत्पत्ती २२ मधलं "आता मला कळलं" आणि देवाने पस्तावल्याचे उल्लेख शब्दशः घेते. मला ही वाट पटत नाही. "पेत्राचा भित्रा स्वभाव येशूला ठाऊक होता" एवढ्याने तीनदा नाकारणं, त्याच रात्री आणि कोंबड्याच्या दुसऱ्या आरवण्याआधी, एवढा तपशील निघत नाही. यशया ४६ मध्ये आरंभापासून शेवट कळवणं हीच परमेश्वराची मूर्तींपेक्षा वेगळी ओळख म्हणून सांगितली आहे. ती ओळख सोडून मिळणारं स्वातंत्र्य मला महाग वाटतं. रोमन विचारवंत सिसेरोने माणसाचं स्वातंत्र्य राखायला पूर्वज्ञान नाकारलं होतं; काही शतकांनी त्याला उत्तर देताना ऑगस्टिनने हेच बजावलं. ऑगस्टिनचं म्हणणं, आपल्या इच्छा याही देवाला ठाऊक असलेल्या कारणांच्या क्रमातच आहेत, त्यामुळे देव जे जाणतो त्यात "पेत्र स्वतःच्या इच्छेने नाकारेल" हेही येतं.

उरली सुधारणावादी, म्हणजे सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांची वाट. ल्यूथरने १५२५ साली, इच्छास्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाला उत्तर देताना तुमच्या मित्राचाच युक्तिवाद उचलून धरला आणि त्यावरून इच्छास्वातंत्र्यच नाकारलं. कॅल्व्हिनचं म्हणणं असं की देवाने ठरवलं म्हणूनच त्याला पुढचं दिसतं, तेव्हा पूर्वज्ञानावर वाद घालण्यात अर्थ नाही. कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राच्या तिसऱ्या प्रकरणात जे जे घडतं ते देवाने सनातन काळापासून नेमलं असं म्हटलं आहे आणि लगेच तीन कुंपणं घातली आहेत: देव पापाचा कर्ता नाही, देवाने निर्माण केलेल्यांच्या इच्छेवर बळजोरी होत नाही, आणि दुय्यम कारणांचं (म्हणजे माणूस, निसर्ग अशा देवाखालच्या कारणांचं) स्वातंत्र्य काढून घेतलं जात नाही. या परंपरेत स्वतंत्र म्हणजे बाहेरची सक्ती नसताना स्वतःला हवं ते करणं. पेत्राला जीव वाचवायचा होता आणि त्याने तेच केलं, म्हणून तो जबाबदार. इथे सहावी पायरीच नाकारली जाते. हॅरी फ्रँकफर्ट या तत्त्वज्ञांनी १९६९ साली, धर्माशी संबंध न ठेवता, दाखवायचा प्रयत्न केला की दुसरा पर्याय नसतानाही माणूस जबाबदार असू शकतो. किंमत उघड आहे: ती तीन कुंपणं कशी टिकतात हे समजावणं सर्वांत अवघड काम होऊन बसतं.

माझं मत विचाराल तर केवळ पूर्वज्ञान स्वातंत्र्य हिरावत नाही. ज्ञान कृत्यावर टेकलेलं आहे, कृत्य ज्ञानावर नाही, हे ऑकमने योग्य जागी बोट ठेवून सांगितलं आणि भाकिताच्या प्रश्नातही तेच टिकतं: येशूने उच्चारलेलं वाक्यही पेत्र जे करणार होता त्यावरच टेकलेलं होतं. मराठी मंडळींत आणखी एक सरमिसळ होते म्हणून सांगतो. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळी लिहिते त्या अर्थाने पूर्वज्ञान समजू नये. लिहिलेलं आहे म्हणून घडतं, ही ललाटलेखाची दिशा. पूर्वज्ञानाची दिशा उलट आहे. खरा भार दुसऱ्या प्रश्नावर आहे, योजनेच्या. तिथे शास्त्र, म्हणजे बायबल, देवाची योजना आणि माणसाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतं आणि मधला सांधा दाखवत नाही. लूक २२:२२ मध्ये मनुष्याचा पुत्र ठरल्याप्रमाणे जातो खरा, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्या माणसाला हाय हाय, ही एकाच वचनाची दोन अर्धी आहेत. प्रेषितांची कृत्ये २:२३ तसंच. येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याचं प्रकरण पेत्रापेक्षा अवघड आहे ते यामुळेच, आणि बैठकीत ते पेत्राच्या आधी काढू नये.

"पण पेत्राने ऐकलं होतं, मग तो सावध का झाला नाही?" असा उपप्रश्न येईलच. मार्काचा १४ वा अध्याय शेजारी उघडा ठेवा. मरावं लागलं तरी नाकारणार नाही, असं तो त्वेषाने सांगतो. मग अंगणात शेकत असताना एक दासी त्याला ओळखते. तो देवडीकडे सरकतो. तीच दासी पुन्हा म्हणते. शेवटी जवळ उभे असलेले म्हणतात की तू गालीलकर आहेस, आणि तो शापच उच्चारू लागतो. प्रत्येक टप्प्यावर निघून जायला किंवा कबूल व्हायला जागा होती. कुणी त्याच्या तोंडात शब्द घातले नाहीत. भाकीत त्याला आठवलं ते कोंबडा दुसऱ्यांदा आरवल्यावर.

शास्त्रातलं पुढचं सांगणारं प्रत्येक वाक्य या प्रकारचं नसतं, हेही मित्राला सांगा. योनाने निनवेला सांगितलं की ४० दिवसांत नगर उलथून पडेल. लोकांनी पश्चात्ताप केला आणि ते उलथलं नाही. यिर्मया १८:७-१० मध्ये याचा नियमच दिला आहे: राष्ट्र वळलं तर मीही योजलेलं अरिष्ट आणणार नाही. इशारा आणि भाकीत यांची गल्लत केली की निनवे पूर्वज्ञानाविरुद्धचा पुरावा वाटू लागतं.

एक काळजी मात्र घ्या. हा प्रश्न कधीकधी तर्काचा नसतोच. घरात मृत्यू झालाय, मुलाने जीव दिलाय, आणि माणूस विचारतो, "देवाला ठाऊक होतं ना?" तिथे ऑकम काढू नका. आधी "हे मनात कधीपासून येतंय?" एवढं विचारा आणि ऐका. युक्तिवादाच्या पायऱ्या मागाहून, त्याने मागितल्या तरच.

आता प्रार्थना. देवाला निकाल ठाऊक आहे म्हणून प्रार्थना व्यर्थ, हा युक्तिवाद औषधालाही लागू करून पाहा. बरा होणार हे ठाऊक असेल तर औषध कशाला? कारण देवाला ठाऊक असलेलं बरं होणं हे औषध घेऊन झालेलं बरं होणं आहे. प्रार्थनाही देवाच्या ज्ञानात कारणांच्याच बाजूला असते. लूक २२:३२ मध्ये नाकारण्याचं भाकीत करण्याआधीच येशू पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. ज्याला सर्वांत स्पष्ट ठाऊक होतं त्यानेच प्रार्थना केली.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. तपासणीचे नमुने प्रयोगशाळेत गेले आहेत, गाठ कशाची आहे ते ठरून गेलं आहे, फक्त अहवाल यायचा आहे, तर अशा वेळी प्रार्थनेला अर्थ आहे का? वरचं मान्य असेल तर आहे, कारण तुमची आजची प्रार्थना देवाला तेव्हाही ठाऊक होती आणि त्याने ती लक्षात घेतलेली असू शकते. अहवाल हातात आल्यावर, गाठ तशी नसावी अशी प्रार्थना मात्र करू नये. काय झालं हे तुम्हाला कळलेलं असतं, आणि तिथून पुढे मागायचं ते उपचारासाठी, धीरासाठी आणि बरं होण्यासाठी.